पंक्चर किट: सव्वा वर्ष, चार पंक्चर आणि एक वाकडी सुई

हे किट मी शौक म्हणून नाही, रागाने घेतलं. झालं असं की ऑफिसला जाताना माझ्या ॲक्टिव्हाच्या मागच्या चाकात खिळा घुसला, एकच, डोळ्याने दिसत होता, ढकलत एका दुकानात नेली (कुठलं ते सांगत नाही, माझ्याकडे पुरावा काही नाही) आणि त्या माणसाने साबणाचं पाणी मारलं तेव्हा एकाच जागी बुडबुडे आले. मग तो टोच्या घेऊन चाकापलीकडे बसला, मी फोनवर होते, दोन मिनिटांनी म्हणतो मॅडम चार भोकं आहेत. चार पट्ट्या, चारशे रुपये. मुकाट दिले, काय करणार, ऑफिसात पंचिंगला उशीर होत होता.

त्याच रात्री ऑनलाइन किट मागवलं. साडेतीनशेच्या आसपास पडलं. ब्रँड लिहीत नाही कारण एकाच साच्यातून काढल्यासारखी वीस किट आहेत तिथे, पाउचचा रंग तेवढा वेगळा. आत काय येतं तर आटे असलेला एक टोच्या, पुढे नेढं असलेली एक जाड सुई, तपकिरी चिकट पट्ट्या, सोल्युशनची छोटी ट्यूब आणि एक ब्लेड. पक्कड नाही येत, ती घरातली टाका डिकीत, नाहीतर खिळा दाताने काढणार का. पंपही नाही येत, पायाने मारायचा वेगळा घेतला, सहाशेला.

पहिला प्रयोग पानशेतहून येताना. मागे आई. खानापूरच्या पुढे आई म्हणते, "अगं, मागून कायतरी डुलतंय बघ." मी म्हटलं रस्ता खराब आहे. दोनशे मीटर गेलो आणि गाडी खरंच शेपटी हलवायला लागली. उतरून बघितलं तर टायर जवळजवळ बसलेला, मधोमध पत्र्याचा स्क्रू. ट्यूबलेस (आत वेगळी ट्यूब नसलेला) होता म्हणून एवढं तरी आलो, ट्यूब असती तर डबलसीट आडवे झालो असतो.

मेन स्टँडवर घेतली, चाक फिरवून स्क्रू समोर आणला, पक्कडने ओढला आणि उरलीसुरली हवा फुस्स. आता टोच्या. व्हिडिओत माणूस लोण्यात सुरी घातल्यासारखा घालतो ना, तसं काही होत नाही. टायरच्या आतल्या दोऱ्यांचे थर आटे धरून ठेवतात, मी रस्त्यावर बसून दोन्ही हातांनी, शेवटी अंगाचा भार टाकून घातला आणि पाच-सहा वेळा आतबाहेर केला म्हणजे भोक साफ आणि खरखरीत होतं. पट्टी नेढ्यातून मध्यापर्यंत ओवायची, सोल्युशन लावायचं, आणि दोन टोकं बाहेर बोटाच्या पेराएवढी राहतील इतकी भोकात दाबायची. मग झटक्यात सुई ओढायची. झटक्यात म्हणजे झटक्यातच, हळू ओढली की पट्टी सुईबरोबर बाहेर येते, माझी पहिली आलीच. दुसरी बसली. टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापली, हवा मारली, बाटलीतलं पाणी ओतलं, एकही बुडबुडा नाही. पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा आईच्या सूचना ऐकण्यात.

आता तक्रारी. किटचं हँडल प्लॅस्टिकचं आहे, तिसऱ्या पंक्चरला सुईच वाकली. शंभर-दीडशे जास्त गेले तरी चालतील पण इंग्रजी टी सारखं धातूचं हँडल असलेलंच घ्या, बायकांनी तर नक्कीच, कारण सगळा खेळ पकडीचा आहे. दुसरं म्हणजे स्कूटरवाल्यांना कोणी सांगत नाही ते. ॲक्टिव्हाचं मागचं चाक १० इंची, व्हॉल्व्ह आत दडलेला, एका बाजूला सायलेन्सर, पंपाचं तोंड सरळ बसतच नाही. तेव्हा खानापूरला व्हॉल्व्ह नेमक्या मोकळ्या जागेत येईपर्यंत चाक फिरवत बसले आणि सायलेन्सरला हात भाजला तो वेगळाच. नंतर ॲक्सेसरीजच्या दुकानातून वाकड्या तोंडाचा छोटा जोड घेतला, पन्नास रुपयांत प्रश्न मिटला. किटवाल्यांनी हा जोड आत द्यायला हवा, एक स्टार त्याचाच कापते.

पट्टी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात चालते. बाजूच्या भिंतीला भोक किंवा चीर पडली तर किट डिकीतच राहू द्या, ती भिंत सतत वाकत असते, पट्टी टिकत नाही, टायर बदला. आणि ट्यूबवाल्या गाडीला हे किट काही कामाचं नाही. बाबांकडे चेतक होती, तिला स्टेपनी होती, नट-बोल्ट सोडायचे आणि चाक बदलून घरी. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाकं बनायला लागली. मला आपला तो गॅरेजमधल्या मराठीचाच वाटायचा.) ॲक्टिव्हा ६जी ला स्टेपनी द्यायची म्हटली तरी पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १०, म्हणजे दोन वागवा.

टायरच्या आत टाकायचं लिक्विड जेल पण बघितलं होतं. लहान भोकं ते आपोआप बुजवतं हे खरं, पण काही वर्षांत सुकतं, व्हॉल्व्हमध्ये अडकतं, आणि आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला टायर उघडायच्या आधी विचारतो, "लिक्विड टाकलंय का? मग साफ करायचे वेगळे." रोज हायवेने जाणाऱ्याने टाकावं, मी नाही टाकलं.

त्यापेक्षा हवा बघते, दर रविवारी, सकाळी टायर थंड असताना. माझ्या गाडीच्या स्टिकरवर हवेचा दाब पुढे २२ पीएसआय, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६ आहे. पेट्रोल पंपावरचा पोरगा न विचारता दोन्हीकडे तीस मारतो, म्हणजे पुढे जास्त आणि आई मागे बसली की मागे कमी. चाक फिरवून खाचांतले काचेचे तुकडे पण तेव्हाच उकरते, ते लगेच पंक्चर करत नाहीत, हळूहळू आत सरकतात. पावसाळ्यात तर जास्तच, ओलं रबर कोरड्यापेक्षा पटकन कापलं जातं आणि सगळा खिळाकचरा वाहत रस्त्याच्या कडेला जमतो, तिथूनच आपण गाडी दामटतो. टायर गुळगुळीत झाला असेल तर मात्र किटवर पैसे घालू नका, खाच ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो बाद.

चारपैकी तीन पंक्चर माझी, चौथं खालच्या काकांचं. त्यांची पट्टी सहा महिने झाले, अजून आहे, पण मी त्यांना मशरूम पॅच (टायर उघडून आतून बसवायचा छत्रीच्या आकाराचा पॅच) मारून घ्या म्हटलं होतं, तो काही त्यांनी मारला नाही. पाचापैकी साडेतीन स्टार. जोडाचा एक कापला, उरलेला अर्धा सोल्युशनचा, एकदा उघडलं की झाकण कितीही घट्ट लावा, ट्यूब आतल्या आत सुकते. काकांच्या वेळी दाबली तर दगड. सायकलच्या दुकानात वीस रुपयांना मिळते, उघडली की तारीख लिहून ठेवा.