राजापूर ते कशेळी कातळशिल्पं, दिवसाची रिक्षा आणि गाईड – ४ स्टार

दिवाळीनंतर आम्ही दोघंच गेलेलो. राजापुरात रिक्षा ठरवली, रिक्षावाले काकाच गाईड, बारसू, देवाचे गोठणे आणि कशेळी मिळून २२०० रुपये. आधी जास्त वाटले पण कशेळी बरंच लांब आहे त्यामुळे ठीके.

देवाचे गोठण्याला काकांनी मोबाईलमधलं होकायंत्र उघडायला लावलं, कातळावर कोरलेल्या माणसाजवळ फोन नेला की उत्तर दिशा भलतीकडेच जाते, बायकोने तिचा फोन काढून बघितला तर सेम. बारसूला मधे माणूस आणि दोन बाजूंना वाघ. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण जाणारी वाट बघून तसं अजिबात वाटत नाही.

खरं सांगायचं तर मी आलो होतो शशिकांत वारिशेंसाठी. महानगरी टाइम्सचे पत्रकार, बारसूला होऊ घातलेल्या तेल रिफायनरीविरोधात न घाबरता लिहायचे, नावं घेऊन लिहायचे, एक मित्र मला त्यांच्या बातम्यांचे फोटो व्हॉट्सअपवर पाठवायचा. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी बातमी छापून आली आणि दुपारी राजापुरातच पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला हॉस्पिटलात वारले. वय ४८. खुनाचा गुन्हा दाखल झाला, बातमी ज्याच्यावर होती त्यालाच अटक झाली.

रिक्षात मी नाव काढलं तर काका एकदम गप्प. बरोबरच आहे म्हणा, गिऱ्हाईक कुठल्या बाजूचं काय माहीत. सड्यावर (म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर) पोचल्यावर मात्र आपणहून बोलायला लागले, की हा कातळ लोकांना पडीक दिसतो पण पावसाचं पाणी यातच मुरतं आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना, आंब्याकाजूला तेच पुरतं, आणि एप्रिल २०२३ ला रिफायनरीसाठी माती परीक्षणाच्या गाड्या आल्या तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. तेव्हा बातमी करायला वारिशे नव्हते, असं म्हणून त्यांनी बिडी पेटवली. परतताना न सांगता पंपाजवळ रिक्षा स्लो केली, एवढंच.

एक स्टार कापला कारण जेवायला नेलं तिथे दीड तास गेला (कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी झकास, पण दीड तास!!) त्यामुळे कशेळीला पोचेपर्यंत ऊन उतरलं आणि १८ मीटरचा तो हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी, नीट बघताच आले नाहीत. वारिशेंचं गावही कशेळीच, ते काकांनी अंधारात परत फिरताना सांगितलं, आधी सांगायला हवं होतं.

जाणार असाल तर कशेळी सकाळी पहिली घ्या. सड्यावर सावली शून्य, टोपी आणि दोन बाटल्या पाणी न्या, आणि कॅश ठेवा, रेंज नसल्यामुळे माझं गुगल पे तीनदा फेल झालं.