‘फ्लॉन्ट इट’ : आठ गाणी आणि एकच चाल

‘सिग सिग स्पुटनिक’ हा ब्रिटिश बँड बांधला ‘जनरेशन एक्स’ या पंक बँडमधून आलेल्या टोनी जेम्सने. वाजवता किती येतं यापेक्षा दिसतं कसं, याला त्याने आधी महत्त्व दिलं. रंगवलेले उंच केस, चेहऱ्यावर जाळी, दोन ड्रमर. फेब्रुवारी-मार्च १९८६मध्ये ‘लव्ह मिसाइल एफ१-११’ हे त्यांचं गाणं ब्रिटनच्या चार्टवर तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ‘फ्लॉन्ट इट’ हा त्यांचा पहिला अल्बम काढला आणि तो दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

निर्माता जॉर्जिओ मोरोडर. अल्बममधली सगळी ताकद त्याच्या रचनेत आहे. सिंथचा (सिंथेसायझरचा) बेस एकाच सुरावर यंत्रासारखा धावत राहतो. त्यावर नील एक्सचं गिटार पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलचे तुकडे टाकतं आणि गायक मार्टिन डेगव्हिलचा आवाज कापून, एकोमधून उडवून सोडलेला असतो. हेडफोनवर ऐका, म्हणजे आवाजाचे तुकडे डावीउजवीकडे कसे फेकलेत ते कळेल.

पण हीच युक्ती गाण्यामागून गाण्यात येते. बेस तोच, वेगही जवळपास तोच, कॉर्ड फारसे बदलत नाहीत. म्हणून ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी बॉय’ला जुन्याच गाण्याचा वास येतो. ते विसाव्या क्रमांकावर अडकलं, यात नवल नाही. वेगळं निघतं ते संथ ‘अटारी बेबी’. तिथे यंत्रांना श्वास घ्यायला जागा मिळते आणि चाल खरोखर लक्षात राहते. अशी आणखी दोन गाणी असती, तर अल्बम कितीतरी वर गेला असता.

गाण्यांच्या मध्ये जाहिराती आहेत. लॉरियालची आणि ‘आय-डी’ मासिकाची जाहिरात खरी, पैसे घेऊन लावलेली. काही बँडने स्वतःच रचलेल्या. त्या गाळू नका. अल्बम सलग ऐकला तरच त्याचा टीव्ही चालू असल्यासारखा परिणाम साधतो. जपानी रोबो-खेळण्याच्या खोक्यासारखं मुखपृष्ठही त्याच कल्पनेचा भाग आहे.

घेण्याआधी एक गोष्ट बघा : अल्बममधलं ‘लव्ह मिसाइल’ पुन्हा रेकॉर्ड केलेलं आहे. चार्टवर गाजलेलं गाणं हवं असेल तर मूळ सिंगल (एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड) वेगळी मिळवावी लागेल. दुसरा अल्बम म्हणजे ‘ड्रेस फॉर एक्सेस’. त्यातलं ‘सक्सेस’ स्टॉक, एटकेन, वॉटरमन या निर्मात्यांच्या त्रयीने घडवलं, तरी चार्टवर ३१व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. तो अल्बम संग्राहकांनीच घ्यावा.