घरबसल्या डीएनए तपासणीचं किट : पैसे वसूल झाले ते एकाच पानावर

परवा किटच्या कंपनीचं ॲप उघडलं तर मधुमेहासमोरचा लाल ठिपका पिवळा झालेला. दिवाळीपासून तो लालच होता, "जोखीम उच्च". मी नवीन नमुना दिलेला नाही आणि माणसाची जनुकं काही रातोरात बदलत नाहीत. कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, सिस्टीम अपडेट झालीय." कशाच्या आधारावर, असं विचारल्यावर पुढच्या किटवर सवलतीचं कूपन आलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लाळ कशी द्यायची, नळी कशी बंद करायची हे सगळ्यांना माहीत आहे. सांगलीतून कुरिअर वेळेत उचललं, रिपोर्टही मुदतीत आला, त्याबद्दल तक्रार नाही. सवलतीत सात हजार पडले. आमच्या घरात एवढ्यात महिन्याचा किराणा भरून वर दूधही भागतं, त्यामुळे प्रत्येक पान मी नीट वाचलंय.

घेतलं ते मधुमेहासाठी. अप्पा अंगाने शिडशिडीत, रोज शेतावर चालत जायचे, तरी चाळिशीतच शुगर लागली. रिपोर्टमध्ये टीसीएफ७एल२ या जनुकाची एक धोकादायक प्रत माझ्यात असल्याचं लिहिलंय. सुरुवातीला हे पान मला फार आवडलं. ते वाचून संध्याकाळचं चालणं सुरू केलं, ते आजही चालू आहे.

पुढे वाचत गेले तसं मत बदललं. या जनुकाचा मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला. टाइप २ मधुमेहात एवढा परिणाम करणारे सर्वसाधारण बदल फार थोडे, आणि तरी एका प्रतीमुळे शक्यता साधारण १.४ पटच होते. २०२४ मध्ये २५ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेहाशी जोडलेल्या ६०० हून अधिक जागा डीएनएवर सापडल्या. प्रत्येक जागा जराजराशी ढकलते. या सगळ्याची बेरीज म्हणजे तो ठिपका. पण अशा अभ्यासांत मोठा भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा, त्यामुळे तिथली बेरीज आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली केली, म्हणजे आपल्या लोकांचं काम आत्ता कुठे उभं राहतंय.

आणि आपलं शरीर खरंच वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. अप्पांसारख्या बारीक माणसाला शुगर कशी होते, याचा मोठा धागा मला यात मिळाला. रिपोर्टमध्ये कमरेचा घेर कुठेच विचारलेला नाही. टेप दहा रुपयांना मिळते. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा.

आता ते एक पान. शेवटून तिसरं, वाहक तपासणीचं, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी मुलांकडे जाऊ शकणारा बदल अंगात आहे का ते सांगणारं. "बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) : वाहक", खाली आयव्हीएस १-५ हा भारतात सगळ्यात जास्त आढळणारा बदल. त्यासमोरही तोच, त्याच आकाराचा लाल ठिपका! माझा सगळा राग या ठिपक्यावर आहे. मधुमेहाचा ठिपका म्हणजे शेकडो जनुकांचा अंदाज, तो अपडेटमध्ये पिवळा होऊ शकतो. थॅलेसेमियाचा ठिपका म्हणजे एका जनुकातला ठरलेला बदल, असतो किंवा नसतो. दोन्ही एकाच रंगात छापले की वाचणाऱ्याने काय समजायचं? "मोफत समुपदेशन" म्हणून आलेला फोन तर ओमेगा-३ च्या गोळ्या विकण्यातच संपला, या पानाचा त्यात उल्लेखही नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मिरजेला एचबी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी, करायला सांगितलं. त्यातला एचबीए२ हा प्रकार आला ५.२ टक्के, साडेतीनच्या वर म्हणजे थॅलेसेमिया मायनर, म्हणजेच वाहक असणं, पक्कं. मग मी जुन्या सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीची, फाइल काढली. हिमोग्लोबिन ११.१, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) ५.६, एमसीव्ही (त्या पेशींचा सरासरी आकार) ६४. एमसीव्हीला आरबीसीने भागायचं, १३ च्या खाली आलं तर मायनरची शंका घ्यायची. माझं येतं ११.४. हे आकडे वर्षानुवर्षं त्या फाइलमध्ये पडून होते आणि लोह कमी आहे असं समजून मला लोहाच्या गोळ्या दिल्या जात होत्या. पोट बिघडायचं, हिमोग्लोबिन तिथल्या तिथे.

यात मधुमेहाचाही मुद्दा आहे, आणि तो रिपोर्टने जोडून दाखवायला हवा होता. थॅलेसेमिया मायनरमध्ये तांबड्या पेशी वेगळ्या असतात, त्यामुळे तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, चुकीची दिसू शकते. डॉक्टर आता उपाशीपोटी आणि जेवणानंतरची अशी दोन्ही साखर बघतात. एका पानावर मधुमेहाची भीती घालायची आणि तो मोजायची पद्धतच माझ्यात डळमळीत आहे हे दुसऱ्या पानावर असूनही सांगायचं नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

लेकीलाही तपासलं, तीही मायनर निघाली. तिला स्वतःला त्रास नाही. पण तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. नवराही मायनर असला तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, आणि त्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागतं. त्यामुळे मुलाकडच्यांना एचबीए२ चा रिपोर्ट आधीच मागणार, हे घरात ठरलंय. काही नातेवाइकांना ते खटकलं. खटकू दे.

विकत घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. हे किट ठरावीक बदलच शोधतं, त्यामुळे "वाहक नाही" असं आलं तरी खात्री धरू नका. आणि मुळात मला सात हजारांत जे कळलं त्याची शंका साध्या सीबीसीवरून घेता आली असती. कंपनीला लेखी विचारलंय : ठिपका कोणत्या लोकसंख्येवर बेतलाय, आणि माझ्यासारख्या शंभर बायकांत किती जणींना मधुमेह होतो? उत्तर नाही. वाहक पानासाठी दोन तारे देतेय, बाकीसाठी एकही नाही.

तासगावचा दादाही हेच किट मागवणार होता. माझ्यातला बदल त्याच्यातही असण्याची शक्यता निम्मी, म्हणून त्याला आधी सीबीसी आणि एचबीए२ करायला मिरजेला पाठवलंय.