रेनॉक्स डीसीआर-२५०: कपाशीवरचे ढेकूण आणि एक्स्पोजरचा हिशोब

फुलं-किड्यांचे फोटो शिकायचे तर आधी मॅक्रो लेन्सच घ्यायला हवी, असं नाही. घरात ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी झूम पडून असेल, तर तिच्या तोंडाला चिमट्यानं अडकवायची रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टर ताकदीची जपानी क्लोज-अप काच आधी घ्यावी. ५२ ते ६७ मिमी आट्यांच्या लेन्सवर ती बसते. मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला की १०० मिमीला ०.८ पट आणि २५० मिमीला २ पट प्रतिमा मिळते (म्हणजे सेन्सरवर किडा त्याच्या खऱ्या आकाराच्या तितक्या पट उमटतो). १८-५५ वर मात्र जीव रमत नाही: ५५ मिमीला जेमतेम ०.४४ पट, आणि झूम मागे घेतली की चारही कोपरे काळे.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा हे, शिकणाऱ्याला तिचा मोठा फायदा हा, की ती प्रकाश खात नाही. ५० मिमी लेन्समागे ३६ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी) लावली तर दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). कॅमेऱ्याचं मीटर तो भरून काढतं, मॅन्युअल फ्लॅशला मात्र ते कळत नाही. इथे एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा आकडा) हे एफ/११च राहतं, त्यामुळे फोटो बिघडला तर कारण शोधायला फार जागा उरत नाहीत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जळगाव-धुळ्याकडच्या वावरात बोंडं फुटली, की त्यावरचे तांबडे ढेकूण हा सरावाचा उत्तम विषय. (फवारणी नुकतीच झालेली नाही ना, हे शेतमालकाला विचारूनच आत शिरावं.) ॲपर्चर मोडमध्ये मीटर सगळ्या दृश्याला मधला करडा समजतं, म्हणून पांढरा कापूस मळकट येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा कमी-जास्त उजेड) +१ पासून सुरू करा, सरकीभोवतीचे तंतू हायलाइट अलर्टमध्ये (अतिउजळ भाग दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) लुकलुकायला लागले की एक तृतीयांश स्टॉप मागे या. रुईच्या झुडपाच्या फुलांवरचा काळा भुंगा चौकट भरून असेल तर उलट, −२/३ ते −१. नाहीतर भुंगा राखाडी दिसतो. भुंगा लहान आणि फुलं जास्त असतील तर मोजमाप फुलांचं करावं. रॉ फाइलमधून (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) भुंग्याचा काळेपणा थोडा उजळता येतो, पण जळलेली पाकळी परत येत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये चोपडा-यावलच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी फुलणारा पळस याहून फसवा. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) निर्धोक दिसतो, पण लाल चॅनल उजव्या भिंतीला आपटलेला असतो आणि पाकळीची मखमल जाऊन नुसता केशरी डाग उरतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि लाल सांभाळा.

१ पटीला एफ/११ वरही फोकसची खोली (स्पष्ट दिसणारा थर) अर्धा मिलिमीटर भरत नाही. त्यामुळे कॅमेरा हातात धरायचा तर फ्लॅश लागतोच. सुरुवात: मॅन्युअल मोड, एफ/११, १/२००, आयएसओ २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६. मग बाकी काही न हलवता फक्त फ्लॅशची ताकद बदला. फोकसची रिंग फिरवू नका, कॅमेराच मागेपुढे सरकवा. पार्श्वभूमी काळीकुट्ट आली तर शटर १/६० करा किंवा किड्यामागे एखादं पान येईल अशी जागा घ्या. सावलीत हे आकडे चालतात. आपल्याकडच्या कडक उन्हात चालत नाहीत: आयएसओ २०० वर फ्लॅश न पेटवताही फोटो एक स्टॉप जास्त उजळ येतो. तिथे आयएसओ १०० करा आणि किड्यावर छत्री धरा.

कॅमेऱ्यातला पॉप-अप फ्लॅश इथे कुचकामी. किडा काचेपासून जेमतेम १२ सेंमीवर असतो आणि लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. कॅमेऱ्यावर बसवायचा वेगळा फ्लॅशही उघडा वापरला तर झोत डोक्यावरून जातो, आणि ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा ठिपका उमटतो तो वेगळाच. बटर पेपरचे दोन थर पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून काचेच्या वरच्या कडेपर्यंत पुढे झुकवले की तो ठिपका पसरून मऊ होतो. डिफ्यूझर जेवढा मोठा आणि जवळ, तेवढं बरं. त्यात एक-दोन स्टॉप जातात. ते फ्लॅश १/८ किंवा १/४ वर नेऊन भरून काढा.

तिची उणीव तेच १२ सेंमी. ढेकूण, मावा, कोळी, थंडीतल्या पहाटे दवानं जड झालेले चतुर इतक्या जवळ येऊ देतात. ऊन तापल्यावर फुलपाखरं नाही. ज्यांना मुख्यतः फुलपाखरं टिपायची आहेत त्यांनी याच कंपनीची ४.८ डायॉप्टरची डीसीआर-१५० घ्यावी. तिथे साधारण २० सेंमी अंतर मिळतं, मोठेपणा त्या प्रमाणात कमी होतो, आणि एक्स्पोजरचा वरचा सगळा हिशोब तसाच लागू पडतो.