चार्टमधले रिकामे सेल: पावसाळ्यापासून गुळाच्या हंगामापर्यंत एक्सेल, लिबरऑफिस आणि गूगल शीट्स वापरल्यानंतर

पंचगंगेची पातळी सोमवारी 38 फूट, मंगळवारी शून्य, बुधवारी 40 फूट. असा चार्ट कोल्हापुरात कुणापुढेही ठेवला तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, मंगळवारी नदी गेली कुठं? मंगळवारची नोंद घ्यायची राहिली होती, एवढंच. चार्टनं ती शून्य धरली.

राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी, तालुकावार पाऊस आणि नंतर गुळाचे दर, असे तीन तऱ्हेचे आकडे तिन्ही प्रोग्रॅममध्ये सांभाळल्यावर मत असं झालंय: रिकाम्या सेलची सोय तिन्हीकडे आहे, पण अख्ख्या चार्टला एकच नियम लावायचा असा तिचा स्वभाव आहे. आपले रिकामे सेल मात्र एका प्रकारचे नसतात. सौदे बंद होते त्या दिवशी गुळाला दर नव्हताच. नदीची पातळी होती, पण लिहिली गेली नाही. आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य हाच खरा आकडा. यातलं कुठलं काय हे चार्टला कळत नाही, ते शीटमध्येच आधी ठरवून ठेवावं लागतं.

एक्सेलमधलं सेटिंग चांगलं आहे, पण इतकं खोल दडवलंय की रोज एक्सेलवर बसणाऱ्यांनाही माहीत नसतं. चार्टवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, खाली डाव्या कोपऱ्यात ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’. तिथं तीन पर्याय: गॅप्स, झिरो, आणि बिंदू रेषेनं जोडणं. लाइन चार्टला मुळात गॅप्सच निवडलेलं असतं, म्हणजे रेषा तुटते. तेच ठेवावं. तिथंच लपवलेल्या ओळी दाखवायच्या का याचाही चौकोन आहे. फिल्टर लावल्यावर चार्टमधून निम्मे दिवस गायब झाले तर दोष डेटाचा नसतो, या टिक न केलेल्या चौकोनाचा असतो.

गॅप्स निवडूनही रेषा शून्यावर आदळते, तेव्हा सेल दिसायला रिकामा असतो, प्रत्यक्षात नसतो. कारणं ठरलेली आहेत. सूत्रानं दुहेरी अवतरणचिन्हांची रिकामी जोडी दिलेली असते. एक्सेलला तो मजकूर वाटतो आणि लाइन चार्टमध्ये मजकूर म्हणजे शून्य. कुणीतरी ‘निरंक’, ‘बंद’ किंवा नुसती आडवी रेघ टाइप केलेली असते, त्याचंही तेच. दुसऱ्या शीटवरचा रिकामा सेल बरोबरच्या चिन्हानं ओढून आणलेला असतो; तिथून रिकामेपण येत नाही, सरळ 0 येतो. हे शेवटचं सगळ्यात जास्त फसवतं, कारण सेलमध्ये 0 दिसत असतो आणि पावसाच्या कॉलममध्ये 0 कुणाला खटकत नाही. जुलैत गगनबावड्याला आठवडाभर शून्य पाऊस दिसला की मगच शंका येते.

तपासायला एफ 5, स्पेशल, ब्लँक्स. यात फक्त खरोखर रिकामे सेल निवडले जातात. डोळ्यांना रिकामा दिसणारा एखादा सेल निवडीतून सुटला की तोच चोर. सूत्रं कॉपी करून नुसती व्हॅल्यू पेस्ट केली तरी हा अदृश्य मजकूर मागे राहतो. फिल्टरमध्ये ‘ब्लँक्स’ निवडून त्या सेलांवर डिलीट दाबलं की तो जातो.

टिकाऊ उपाय म्हणजे चार्टसाठी वेगळा कॉलम. ए मध्ये तारीख, बी मध्ये नोंद जशी आली तशी, सी मध्ये शेरा (‘सौदे बंद’, ‘नोंद नाही’), आणि डी मध्ये सूत्र: =इफ(इझनंबर(बी2),बी2,एनए()). नावं अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची. नोंद आकडा असेल तर आकडा, नाहीतर #एन/ए, म्हणजे ‘उपलब्ध नाही’ ही एक्सेलची खूण. रिकामा सेल, स्पेस, निरंक, मजकूर बनलेला आकडा, सगळं या एका चाळणीत अडकतं. चार्ट फक्त डी वर काढायचा. #एन/ए डोळ्यांना खुपत असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये इझएनए लावून अक्षरांचा रंग फिका करावा. एक किंमत मोजावी लागते: डी वर साधं एव्हरेज चालत नाही, तेही #एन/ए दाखवतं. तिथं एव्हरेजइफ वापरून निकष ">=0" द्यायचा, किंवा अ‍ॅग्रिगेटला 1 आणि 6 हे आकडे देऊन चुका वगळायच्या.

नदीच्या पातळीची गोम वेगळी आहे, कारण ती फूट-इंचांत येते. 39 फूट 10 इंच हे 39.10 असं टाकलं की एक्सेल त्याचं 39.1 करतं. 39 फूट 1 इंचही 39.1. इशारा पातळी 39 आणि धोका पातळी 43 फूट असताना नऊ इंचांचा असा घोळ परवडत नाही. म्हणून बी मध्ये फूट, सी मध्ये इंच, आणि पुढं फूट अधिक इंच भागिले 12. पण दोन्ही सेल रिकामे असले तरी ही बेरीज निमूटपणे 0 देते आणि नदी पुन्हा तळाला. सूत्र असं हवं: =इफ(काउंट(बी2:सी2)=2,बी2+सी2/12,एनए()). यात बरोबर 39 फूट असेल तर इंचाच्या सेलमध्ये 0 टाकावाच लागतो. सेल मोकळा सोडला की नोंद अर्धवट धरली जाते. सुरुवातीला हा जाच वाटतो, पण नोंदी घेणाऱ्याला त्यानं शिस्त लागते.

पुराच्या दिवसांत पातळी दिवसातून अनेकदा येते. तेव्हा लाइन चार्ट सोडून द्यावा. त्याच्या तारखेच्या अक्षाचं सर्वांत लहान माप एक दिवस, त्यामुळं सकाळ-संध्याकाळच्या नोंदी एकाच उभ्या रेषेत रचल्या जातात. स्कॅटर चार्ट घ्यायचा आणि आडव्या अक्षाला तारीख अधिक वेळ द्यायची. मात्र त्या कॉलममध्ये एक जरी तारीख मजकूर झालेली असली तर एक्सेल सगळ्याच तारखा टाकून देतं आणि 1, 2, 3 असे क्रमांक धरतं. ठिपके देऊन लिहिलेली 15.07.2024 बहुधा मजकूरच होते. विंडोजची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर 15/07/2024 मजकूर राहते आणि 05/07/2024 ची गुपचूप 7 मे होते, जे जास्त वाईट.

#एन/ए चं चार्टमध्ये काय करायचं, हे आवृत्तीवर ठरतं. एक्सेल 365 मध्ये त्याच हिडन अँड एम्प्टी खिडकीत ‘#एन/ए रिकामा सेल म्हणून दाखवा’ असा चौकोन आहे आणि नव्या चार्टला त्यात टिक असते; मग रेषा तुटते. एक्सेल 2016 मध्ये तो नाही. तिथं #एन/ए आला की शेजारचे दोन बिंदू सरळ जोडले जातात. म्हणजे आपल्याकडं तुटलेली दिसणारी रेषा पुढच्याच्या जुन्या एक्सेलमध्ये सलग दिसू शकते. फाइल पाठवायची असेल तर सोबत चार्टचं चित्रही पाठवावं.

याच फरकाचा उपयोगही करता येतो. चौकोनाची टिक काढायची, वर गॅप्सच ठेवायचं, आणि एकाच आकड्यांच्या दोन मालिका चार्टमध्ये घालायच्या: एक हातानं टाइप केलेल्या कॉलमची, खरोखर रिकाम्या सेलांसह, जाड रेषेत, दुसरी #एन/ए वाल्या कॉलमची, तिच्या मागं, करड्या तुटक रेषेत. नोंद आहे तिथं जाड रेषा, नाही तिथं फक्त तुटक. बघणाऱ्याला मधला भाग अंदाजाचा आहे हे न सांगता कळतं. फूट-इंचांच्या सूत्रकॉलमवर हे जमत नाही, कारण एक्सेलमधलं सूत्र खरा रिकामा सेल देऊच शकत नाही. तिथं ठळक बिंदू आणि बारीक रेषा एवढ्यावर भागवावं.

बिंदूंवरून आठवलं: गॅप्स ठेवून मार्कर (नोंदींचे ठिपके) बंद केले आणि एखाद्या नोंदीच्या दोन्ही बाजूंचे सेल रिकामे असले, तर ती नोंद चार्टवर दिसतच नाही. एका बिंदूची रेषा होत नाही. मार्कर चालूच ठेवावेत.

गुळाच्या दराला वेगळा न्याय. साप्ताहिक सुट्टीला गहाळ नोंद समजून दर आठवड्याला रेषा तोडण्यात अर्थ नाही. त्या ओळीच काढाव्यात आणि फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये टेक्स्ट अ‍ॅक्सिस निवडावा, म्हणजे सौद्याचे दिवस सारख्या अंतरानं येतात. पण वादामुळं सौदे चार-पाच दिवस बंद पडले तर त्या तारखा ठेवाव्यात, दराचे सेल मोकळे सोडावेत. ते खिंडार व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला दिसलंच पाहिजे. दोन टोकं जोडून त्या दिवसांत दर हळूहळू चढला असं दाखवणं म्हणजे न झालेल्या सौद्याचा भाव सांगणं.

पावसाला कॉलम चार्ट, पण तिथं शून्य आणि रिकामं सारखंच दिसतं: खांब नाही. डेटा लेबल चालू केलं की खऱ्या शून्यावर 0 येतो, रिकाम्यावर काहीच येत नाही. इथं सूत्राऐवजी मूळ कॉलमच वापरावा, कारण #एन/ए चं लेबलही कधीकधी छापलं जातं. एरिया चार्ट या कामाला घेऊच नये, गॅप्स निवडूनही तो शून्यापर्यंत खड्डा पाडतो.

गूगल शीट्समध्ये एक गोष्ट एक्सेलपेक्षा सरस आहे. इफच्या शेवटच्या स्वल्पविरामानंतर काहीच लिहिलं नाही तर सेल खरोखर रिकामा राहतो. एक्सेलमध्ये तेच केलं तर 0 मिळतो. जोडायचं की तोडायचं, हे कस्टमाइझमधल्या चार्ट स्टाइलखाली ‘प्लॉट नल व्हॅल्यूज’ या एका टिकवर ठरतं. बाकी नियंत्रण कमी.

लिबरऑफिसमध्ये चार्टवर डबल क्लिक, मालिकेवर राइट क्लिक, फॉरमॅट डेटा सिरीज, ऑप्शन्स. गॅप सोडा, शून्य धरा, रेषा चालू ठेवा, असे पर्याय तिथं समोरच दिसतात. #एन/ए लाही ते रिकाम्यासारखंच वागवतं, त्यामुळं वरची दोन मालिकांची युक्ती इथं चालत नाही. ती वापरलेली एक्सेलची फाइल इथं उघडली तर तुटक रेषाही जाड रेषेबरोबरच तुटते.