टिमथी डाल्टन जेम्स बॉन्ड झालेले दोन पिक्चर : कुठला लावायचा?
जुळे सोलापुरातला मामेभाऊ विचारतोय, रविवारी १९८७ चा 'द लिव्हिंग डेलाइट्स' लावू का १९८९ चा 'लायसन्स टू किल'. लांबी दोन्हीची सव्वादोन तासांच्या आसपास, तो मुद्दाच नाही. म्युझिकमध्ये पहिला पुढे, संगीतकार जॉन बॅरीचा तो शेवटचा बॉन्डपट. स्टंट म्हणशील तर पहिल्यात विमानाबाहेर लोंबकळत्या जाळीवरची मारामारी, दुसऱ्यात टँकरांचा पाठलाग, मला टँकरच भारी वाटतो. पण व्हिलन? पहिल्यातले पार फिके, आणि दुसऱ्यातला सांचेझ म्हणजे निष्ठेला पैशापेक्षा जास्त मानणारा, बॉन्ड मित्राच्या बदल्यासाठी नोकरीवर पाणी सोडून सांचेझच्याच मनात संशय पेरत जातो तिथं पिक्चर खरा चढतो, लोक उगाच नावं ठेवतात त्याला. शार्क, रक्त जास्त आहे पण. बारकी पोरं सोबत असतील तर डेलाइट्स, रात्री एकटा बसणार असशील तर लायसन्सच लाव बे.