कॅम्पबेलचं गॅझेटियर: फिरणाऱ्यांनी कसं वाचावं आणि कुठे जपावं

गड, लेणी, जुनी गावं बघत फिरणाऱ्यांमध्ये मुंबई इलाख्याच्या (ब्रिटिश काळातल्या मुंबई प्रांताच्या) गॅझेटियरबद्दल, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी इंग्रजी ग्रंथमालेबद्दल, दोन टोकाची मतं आहेत. काहींना ते रुक्ष, सरकारी आकड्यांचं बाड वाटतं. काहींच्या लेखी गॅझेटियरमध्ये छापलंय म्हणजे विषय संपला. मला दोन्ही पटत नाहीत. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेले हे खंड स्थानिक इतिहासाच्या बहुतेक नव्या पुस्तकांपेक्षा जास्त ऐवज देतात, पण ते शेवटच्या प्रकरणापासून वाचायला घ्यावेत.

जिल्ह्याच्या खंडात साधारण १४ प्रकरणं असतात: भूवर्णन, उत्पादन, लोकसंख्या, शेती, भांडवल, व्यापार असं करत शेवटचं प्रकरण स्थळांचं. ते इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेलं आहे. तालुक्याच्या गावापासून दिशा आणि मैल, वस्ती, आठवडी बाजार, जत्रा, देवळं, शिलालेख, किल्ला, सगळं एका नोंदीत. फिरायला निघण्याआधी एवढं प्रकरण वाचलं तरी पुष्कळ झालं.

खरा माल तळटीपांत आहे, आणि मोबाइलवर वाचणारे नेमक्या त्याच वगळतात. किल्ल्यांच्या तळटीपांत १८६२ च्या सरकारी यादीचा हवाला वारंवार येतो: तट शाबूत की पडका, पाणी आहे का, शिधा मिळतो का. ठाण्याच्या खंडात कॅप्टन डिकिन्सन यांनी १८१८ मध्ये केलेली किल्ल्यांची पाहणीही वापरली आहे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की त्या चाळीसेक वर्षांत काय ढासळलं ते समजतं. मात्र १८६२ साली टाक्यात पाणी होतं म्हणून आज रिकाम्या बाटल्या घेऊन चढू नये.

सगळे खंड सारख्या तोलाचे नाहीत. ठाण्याचा १४ वा खंड (१८८२) पूर्णपणे स्थळांना दिलेला आहे आणि माझ्या मते मालिकेतला तोच सर्वांत भरीव. प्राचीन लेखांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा त्यात मोठा हातभार आहे. सोपाऱ्याचा (आजचं नालासोपारा) स्तूप त्यांनी त्याच वर्षी उकरला होता, त्यामुळे सोपाऱ्याची नोंद ताज्या उत्खननाच्या बळावर उभी आहे. कान्हेरीचं वर्णन लेण्यागणिक मापं आणि शिलालेखांसकट दिलेलं आहे. प्रत्यक्ष लेण्यांशी ते पडताळताना क्रमांकावर विसंबू नका, अभ्यासकांनी वेगवेगळे क्रमांक दिलेले आहेत. खांब, ओसरी, टाकं, लेखाची जागा यांवरून जुळवा. पुण्याच्या १८ व्या खंडाचा तिसरा भाग (१८८५) जुन्नर, कार्ले आणि पुण्याच्या पेठांसाठी घ्यावाच.

गाव सापडत नाही, अशी तक्रार फार येते. कारण सोपं आहे: आजचा जिल्हा डोक्यात ठेवून शोध घेतला जातो. माथेरान आज रायगड जिल्ह्यात आहे, पण नोंद ठाण्याच्या खंडात आहे. मालवण रत्नागिरीच्या १० व्या खंडात (१८८०), सावंतवाडी त्याच पुस्तकात संस्थान म्हणून वेगळी. नंदुरबार खानदेशात, खंड १२. रायगड किल्ला कुलाब्यात (रायगड जिल्ह्याचं जुनं नाव), खंड ११.

दुसरी अडचण स्कॅन केलेल्या प्रतींची. 'आ' या उच्चारासाठी जुन्या छपाईत इंग्रजी 'ए' या अक्षरावर तिरकी रेघ आहे आणि यंत्र तिचा 'डी' करून ठेवतं. त्यामुळे 'मराठा' किंवा 'नाशिक' शोधलं की निकाल शून्य येतो आणि पुस्तकात काहीच नाही असा समज होतो. नावात दीर्घ 'आ' नसेल तर शोध लागतो, जुन्नर लगेच सापडतं. नाहीतर जवळच्या बिनरेघी नावाने शोधा, किंवा सरळ वर्णानुक्रमाने पानं उलटा. 'पुरंदर'च्या जुन्या स्पेलिंगमध्ये 'डी'पुढे 'एच' आहे, तेही ध्यानात असू द्या. घडीचे नकाशे अनेक स्कॅनमध्ये उलगडलेलेच नसतात. नकाशा हवा असेल तर ग्रंथालयात मूळ प्रत बघण्याला पर्याय नाही.

रकमा पौंड आणि रुपये अशा दोन्हींत येतात, पौंडाला दहा रुपये या हिशेबाने. वस्तीचा आकडा १८७२ च्या खानेसुमारीचा (जनगणनेचा) की १८८१ च्या, हे बघितल्याशिवाय दोन जिल्ह्यांची तुलना करू नये.

इतिहासाच्या प्रकरणाला शेवटचा शब्द मानणं मात्र चूकच. शिवकाळासाठी भिस्त बरीचशी मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यावर आहे. पुण्याच्या खंडात शिवरायांचा जन्म १६२७ सालचा मिळतो. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत) फाल्गुन, शके १५५१ म्हणजे १६३० आहे, पण ती तेव्हा उजेडात यायची होती. लोकांविषयीच्या प्रकरणात अख्ख्या जातींना एकेक स्वभाव चिकटवलेला आहे. तिथली वस्त्रं, भांडी, खाणं, सणांचे तपशील घ्यावेत, स्वभावाची विशेषणं साहेबाच्या नजरेची आहेत, ती तिथेच सोडावीत.

मराठवाडा आणि विदर्भ या मालिकेत शोधू नका, ते मुंबई इलाख्यात नव्हते. वऱ्हाडासाठी लायल यांचं आणि नागपूरकडच्या भागासाठी ग्रँट (हे ग्रँट डफ नव्हेत) यांचं गॅझेटियर आहे, दोन्ही १८७० सालची. स्थळांच्या नोंदी तिथे बऱ्याच आखूड आहेत, त्यामुळे राज्य सरकारचा नंतरचा जिल्हा-खंड सोबत ठेवावा लागतो.